मुंबई–दिल्ली, व्हाया आर्यभट

मुंबई ते दिल्ली विमानतळ, सरळ हवाई अंतर साधारण 1140 किलोमीटर. वैमानिकांच्या हिशोबात 615 नॉटिकल मैल. ताशी 450 नॉटिकल मैल वेगानं भागलं तर जेमतेम 1 तास 22 मिनिटांचं काम. तिकिटावर सव्वादोन तास असतात, कारण धावपट्टीपर्यंतची रांग, चढण-उतरण आणि आकाशातल्या घिरट्याही त्यात धरलेल्या असतात. वेळेची गोष्ट इथंच संपली. खरी गंमत अंतरात आहे.

दोन विमानतळ पृथ्वीच्या मध्याशी जो कोन करतात, तो काढायचा आणि त्रिज्येनं गुणायचं. वैमानिकी गणितात या गुणाकारासाठी 3437.75 हा आकडा वापरतात. इ.स. 499 च्या ‘आर्यभटीया’तल्या ज्या-कोष्टकाची (म्हणजे साइनच्या कोष्टकाची) त्रिज्या? 3438!

हा चमत्कार नव्हे. वर्तुळाच्या 360 अंशांच्या कला (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला) होतात 21600. आर्यभटानं त्रिज्याही कलांतच मोजली. आणि नॉटिकल मैल म्हणजे पृथ्वीच्या परिघावरची एक कलाच. 1929 साली मोनॅकोच्या परिषदेनं तो 1852 मीटर ठरवला. साठाची पद्धत मुळात बाबिलोनची, तेव्हा इथं फार तर चुलतनातं. गणिताचे इतिहासकार जी. जे. टूमर यांनी तर 1973 साली मांडलं, की 3438 ही त्रिज्या ग्रीक खगोलज्ञ हिपार्कसचीच. पण हिपार्कसचं कोष्टक आज कुठंच उरलेलं नाही. टूमरांच्या तर्काचा एक खांब टॉलेमीनं नोंदवलेल्या आकड्यांचा आणि दुसरा भारतीय कोष्टकांचाच. ज्याच्या घरात पुरावा सापडला, त्यालाच उसनवारीचा जाब! मला हे पटत नाही.

सख्खं नातं सापडतं ते कोन काढण्याच्या सूत्रात. त्याचं नाव हॅव्हरसाइन, म्हणजे ‘व्हर्सड साइन’चा निम्मा भाग. हे नाव 1835 साली जेम्स इनमन यांनी खलाशांच्या पुस्तकात आणलं. व्हर्सड साइन म्हणजे आपली उत्क्रमज्या. सूर्यसिद्धान्तात तिचं कोष्टक 7, 29, 66 असं सुरू होतं. ज्या अरबीतून लॅटिनमध्ये कशी गेली, ते सर्वश्रुत आहे. उत्क्रमज्या त्याच गाठोड्यातून गेली, असं मी ठामपणे म्हणतो.

यावरचा आक्षेप मात्र वजनदार आहे. हॅव्हरसाइन म्हणजे निम्म्या जीवेचा वर्ग. ग्रीकांकडे जीवांची कोष्टकं होतीच, मग भारताची गरज काय? शिवाय इनमनच्या आधी, 1805 साली, जेम्स अँड्र्यू यांनी अर्धजीवांच्या वर्गांचंच कोष्टक छापलं होतं. कबूल. पण पूर्ण जीवा टाकून अर्धी धरायची, ही युक्ती कुणाची? अर्धज्या आपलीच. नावानं जा नाहीतर घडणीनं, वाट इकडंच येते.

खलाशांना हे सूत्र का हवं होतं, ते मुंबई–पुण्यावर पाहा. दोन विमानतळांत सुमारे 125 किलोमीटर. नेहमीच्या कोसाइन सूत्रानं चार दशांशी कोष्टकात उत्तर येतं 0.9998, पण 115 किलोमीटरलाही तेच आणि 140 लाही तेच! हॅव्हरसाइनमध्ये हा घोळ होत नाही. लॉग टेबलं अडगळीत गेल्यावर हे सूत्रही जायला हवं होतं. पण सुरुवातीच्या छोट्या संगणकांनाही दशांश स्थळं पुरत नव्हती. 1984 साली आर. डब्ल्यू. सिनॉट यांनी ‘स्काय अँड टेलिस्कोप’मध्ये त्याची शिफारस केली आणि प्रोग्रॅमरांनी ते उचललं. आता संगणकांना दशांशांची ददात नाही, तरी अजून तेच चालू आहे.