पद्मपूरच्या कवीची सीता

पतिपत्नींची ताटातूट, पित्याला ठाऊक नसलेले मूल आणि कित्येक वर्षांनी पुन्हा भेट, अशा कादंबऱ्या आपण एकमेकींकडून मागून नेतो आणि पदराने डोळे पुसत वाचतो. याच धर्तीची एक फार जुनी कथा आपल्याच भागातील कवीने लिहिली, हे मात्र पुष्कळ भगिनींस ठाऊक नसते.

तो कवी म्हणजे आठव्या शतकातील भवभूती. आपले घराणे पद्मपूरचे, पिता नीलकंठ व माता जातूकर्णी, असे त्याने स्वतःच नाटकाच्या प्रस्तावनेत सांगितले आहे. (आईचे नाव सांगायला तो विसरला नाही, हे आपण बायकांनी ध्यानात ठेवावे.) हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पद्मपूर, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. १९९९ साली गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला, तेव्हा हे गाव आपल्या वाट्यास आले.

त्याच्या ‘उत्तररामचरित’ नाटकाचे अंक सात. लोकापवादाला भिऊन राम गर्भवती सीतेचा त्याग करतो, तेही ती त्याच्याच बाहूवर विश्वासाने झोपली असताना! पुढे ती गंगेत उडी घेते आणि तेथेच तिला जुळे होते. गंगा व पृथ्वी तिला सांभाळतात. दूध सुटल्यावर मुले वाल्मीकींच्या हवाली होतात. म्हणजे कुश-लवांना बापही ठाऊक नाही आणि आईही नाही. रामाच्या दुःखाविषयी सारे बोलतात. पण बारा वर्षे लेकरांवाचून काढणाऱ्या त्या आईचे काय?

तिसरा अंक या नाटकाचा प्राण आहे. त्या दिवशी मुलांचा बारावा वाढदिवस असतो. सूर्याची पूजा करण्यासाठी सीता पंचवटीत येते. गंगेच्या वरामुळे ती कोणास दिसत नाही. तेथेच राम येतो, जुन्या खुणा पाहून मूर्च्छित पडतो, आणि तिच्या स्पर्शाने सावध होतो. वनदेवता वासंती त्याला खडसावून जाब विचारते. सीता हे सारे ऐकते. यज्ञासाठी रामाने दुसरी पत्नी केली नाही, सीतेचीच सोन्याची मूर्ती ठेवली, हे कानी पडते तेव्हा कुठे तिच्या मनात रुतलेले शल्य निघते. सीतेने इतक्यावर क्षमा करावी काय? मला अजूनही ते पटत नाही. पण वासंतीच्या तोंडून कवीने रामाला निसटू दिले नाही, एवढे खरे. शंबूकवधाचा प्रसंग मात्र आज वाचताना मन अस्वस्थ होते.

वाल्मीकिरामायणात सीता शेवटी पृथ्वीच्या पोटात जाते. भवभूतीने हा शेवट बदलला. सातव्या अंकात गंगातीरी लोकांसमोर नाटकातच नाटक होते व सीतेची सारी कहाणी रंगते. राम पुन्हा मूर्च्छित पडतो. मग खरीच सीता येते. जिच्यावर लोकांनी आळ घेतला, तिच्याविषयी अरुंधती त्याच लोकांना भरसभेत विचारते, आणि लोक सीतेपुढे माथा नमवतात. त्यानंतर वाल्मीकी कुश-लवांना घेऊन येतात. बारा वर्षांनी सीता आपल्या मुलांना पोटाशी धरते.