कलमाची जर्मन मावसबहीण

एखादा माणूस तीच तक्रार पुन्हापुन्हा सांगू लागला की आपण म्हणतो, 'लावलं याचं तुणतुणं.' जर्मन माणूस अशा वेळी 'डी आल्टे लायर' म्हणतो, तीच जुनी लायर. तुणतुण्याला तार एकच, त्यामुळे आपल्या वाक्प्रचाराला खुलासा लागत नाही. लायरचं तसं नाही. ग्रीकांची 'लिरा' म्हणजे बोटांनी छेडायचं, अपोलोच्या हातात शोभणारं देखणं वाद्य. तिच्या साथीनं म्हणायचं ते लिरिक. मग तिचं नाव रडगाण्याला कसं चिकटलं?

कारण मध्ययुगात जर्मनांनी ते नाव भलत्याच वाद्याला दिलं. 'ड्रेलायर' म्हणजे फिरवायची लायर. हँडल फिरवलं की राळ लावलेलं लाकडी चाक तारांवर घासत राहतं. दुसऱ्या हातानं पट्ट्या दाबून चाल वाजवायची, आणि बाकीच्या तारा आपला एकच सूर धरून घुमत राहतात. पुढे हे वाद्य भीक मागत फिरणाऱ्यांच्या हाती गेलं. शूबर्टच्या १८२७ सालच्या 'विंटररायझं' या गीतमालेतलं शेवटचं गाणं अशाच एका लायरवाल्यावर आहे, आणि त्यातला पियानोचा डावा हात अखेरपर्यंत तो घुमारा सोडत नाही. 'लायर्न' असं क्रियापदही झालं: एकसुरी घोकत राहणं. एकाच लिरापासून इकडे लिरिक्स निघाली, तिकडे रडगाणं.

ही लायर आज पुन्हा ऐकू येते ती इलेक्ट्रिक गिटारच्या गदारोळात. बर्लिनमध्ये १९९५ साली सुरू झालेला 'इन एक्स्ट्रेमो' हा मध्ययुगीन वाद्यं मेटलमध्ये वाजवणाऱ्या पंथातला बडा बँड. ड्रम आणि गिटार कोणत्याही मेटल बँडसारखे, पण पुढे ड्रेलायरबरोबर बॅगपाइप, शालमाय, हार्प. गाणी जुन्या जर्मनमधली, लॅटिनमधली, स्वीडिशमधलीही. ऐकणाऱ्याला वाटतं, हा अस्सल जर्मन मातीतला आवाज. वाद्यांची नावं उकलायला घेतली की मात्र माती फारशी हाती लागत नाही.

शालमायच घ्या. आपल्या सनईसारखं हे दुहेरी पत्तीचं, मोकळ्या मैदानात दणकून वाजणारं वाद्य. ग्रीकमध्ये 'कालामोस' म्हणजे बोरू. लॅटिनमध्ये तो 'कालामुस' झाला, त्याचं लाडकं लहान रूप 'कालामेल्लुस', जुन्या फ्रेंचमध्ये पहिल्या 'क'चा 'च' झाला, आणि जर्मनांच्या तोंडी आली शालमाय. गंमत अशी की त्याच मुळाचा एक शब्द जर्मनमध्ये आधीपासून होता. 'हाल्म', म्हणजे गवताची काडी. मूळच्या 'क'चा जर्मनिक भाषांत 'ह' होतो, हा तर ठरलेला नियम. म्हणजे हाल्म घरचा आणि शालमाय अर्धं युरोप फिरून आलेली. एकाच घरात राहूनही दोघांना नातं ठाऊक नाही.

तोच कालामोस पूर्वेकडेही निघाला होता. अरबीत तो 'कलम' झाला आणि फारसीच्या वाटेनं आपल्याकडे पोचला. इथे त्यानं जो पसारा मांडला तो पाहण्यासारखा आहे. आधी लेखणी. मग लिहून काढलेला मुद्दा, म्हणजे कायद्याचं कलम. आणि छाटलेली काडी, म्हणजे झाडाचं कलम. देवगडचा बागायतदार हापूसचं कलम बांधतो तेव्हा त्याच्या हातात शालमायची मावसबहीण असते. सनईसुद्धा या कुळाच्या शेजारचीच. तिच्यातला 'नई' म्हणजे फारसी 'नाय', पुन्हा बोरूच, फक्त शब्द वेगळा.

वाद्यांच्या नावांत मला सगळ्यांत आवडतं ते 'हाकब्रेट'. सरळ अर्थ खाटकाची फळी, वर सटासट मारायचं म्हणून. हे आपल्या संतूरचं भावंड. आपल्याकडे संतूर शब्द 'शततंत्री'वरून आला असं हौसेनं सांगतात. नाद छान जमतो, पण वाट ती नव्हे. तो ग्रीक 'साल्तेरिओन'वरून, अरबी-फारसीतून आलेला. बाकी सगळे ग्रीकांच्या दारी गेले असताना या वाद्याला जर्मनांनी स्वयंपाकघरातून नाव दिलं, याबद्दल त्यांना शाबासकी द्यायला हवी.

ही वाद्यं वाजवणाऱ्याचा शब्दही घरचाच, 'श्पीलमान'. 'श्पीलेन' म्हणजे खेळणं आणि वाजवणंही. कोकणात नमनातल्या मंडळींना 'खेळे' म्हणतात, दशावताराचाही 'खेळ'च असतो, तेव्हा आपल्याला यात नवल वाटायला नको. जर्मन खेळ्यांची समाजातली किंमत काय होती, ते तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या 'झाक्सेनश्पीगल' या कायद्याच्या ग्रंथात नोंदलेलं आहे. तो आइके फॉन रेपगो यानं रचला. इजा झाली तर प्रत्येकाला दर्जाप्रमाणे भरपाई, पैशांत किंवा वस्तूंत. श्पीलमानाला काय? एका माणसाची सावली.

जत्रेत त्याच्याभोवती गर्दी करायची आणि न्यायाच्या वेळी सावलीवर बोळवण करायची, हा दुटप्पीपणा 'इन एक्स्ट्रेमो'नं नेमका पकडला. त्यांच्या १९९९ सालच्या अल्बमचं नाव आहे 'फेरेअर्ट उंड आंगेश्पीन', म्हणजे पूजलेले आणि थुंकलेले. त्यातलं 'श्पायेन', थुंकणं, हे क्रियापद ना ग्रीकांकडून उसनं, ना अरबांच्या वाटेचं. त्याचं मूळ थेट संस्कृतातल्या 'ष्ठीव्' धातूशी जुळतं, आणि आयुर्वेदाच्या पोथ्यांतलं 'ष्ठीवन' ते हेच.