वळिवडे पोलिश निर्वासित वसाहत

वळिवडे पोलिश निर्वासित वसाहत ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तत्कालीन कोल्हापूर संस्थानातील वळिवडे (सध्या करवीर तालुका, कोल्हापूर जिल्हा) येथे वसलेली पोलिश नागरिकांची वसाहत होती. ती १९४३ ते १९४८ या काळात अस्तित्वात होती. येथे सुमारे पाच हजार निर्वासितांनी आश्रय घेतला. त्यांत स्त्रिया व मुलांची संख्या मोठी होती. निर्वासितांपैकी बहुतेक जण रोमन कॅथलिक होते.

पार्श्वभूमी

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनी व सोव्हिएत संघाने पोलंड व्यापला. सोव्हिएत राजवटीने फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडमधील लाखो नागरिकांना सायबेरिया व मध्य आशियात हद्दपार केले. उपासमार, थंडी व रोगराई यांमुळे अनेक मुले पोरकी झाली. जुलै १९४१ मधील सिकोर्स्की–मायस्की करारानंतर या नागरिकांची मुक्तता सुरू झाली. १९४२ मध्ये मुलांचे पहिले गट इराणमार्गे भारतात पोहोचले. प्रारंभी काही काळ त्यांचा मुक्काम मुंबईत वांद्रे येथे होता. पुढे नवानगर संस्थानचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे मुलांसाठी छावणी उभारली.

मदतकार्य व धार्मिक प्रेरणा

परक्याला आसरा देणे ही प्रत्यक्ष ख्रिस्ताचीच सेवा होय, असा विचार मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात आला आहे. त्याच शुभवर्तमानात बाल येशूला घेऊन मातापित्यांनी इजिप्तमध्ये आश्रय घेतल्याची कथा आहे. प्रत्येक मनुष्य ईश्वराच्या प्रतिमेनुसार निर्माण झाला आहे, म्हणून त्याचे जीवन पवित्र आहे, ही ख्रिस्ती धारणा या मदतकार्यामागील एक प्रेरणा होती. मुलांसाठी स्थापन झालेल्या निधीच्या व्यवस्थापनात दिल्लीचे आर्चबिशप आणि एका ख्रिस्ती मठाच्या प्रमुख भगिनी यांचा सहभाग होता. बालाचडी छावणीचे प्रमुख फादर फ्रान्सिशेक प्लुता हे पोलिश धर्मगुरू होते. मात्र हे कार्य केवळ ख्रिस्ती लोकांचे नव्हते. सर्वांत मोठा आधार देणारे जामसाहेब हिंदू होते.

वसाहतीतील जीवन

वळिवडे वसाहतीचा खर्च प्रारंभी लंडनस्थित पोलिश सरकार करीत असे. वसाहतीत चर्च, रुग्णालय, प्राथमिक व माध्यमिक शाळा होत्या आणि बालवीर पथकेही होती. शिक्षण पोलिश भाषेत चाले. त्यामुळे मायदेश दुरावलेल्या मुलांची भाषा व सणवार टिकून राहिले. आजारी व अशक्त निर्वासितांसाठी पाचगणी येथे आरोग्य केंद्र होते. १९४६ मध्ये बालाचडी छावणी बंद झाल्यावर तेथील अनेक मुले वळिवड्यास आली.

मुलांच्या पालकत्वाचा प्रश्न

युद्धानंतर पोलंडमध्ये साम्यवादी राजवट आली आणि अनाथ मुलांना परत पाठविण्याची मागणी पुढे आली. या मुलांची घरे ज्या प्रदेशात होती, तो प्रदेश आता सोव्हिएत संघात गेला होता आणि त्याच सत्तेने त्यांच्या कुटुंबांना हद्दपार केले होते. तेव्हा फादर प्लुता, जामसाहेब आणि ब्रिटिश संपर्क अधिकारी जेफ्री क्लार्क या तिघांनी संयुक्तपणे अनाथ मुलांचे कायदेशीर पालकत्व स्वीकारले. त्यामुळे मुलांना त्यांच्या इच्छेविरुद्ध पाठविणे अशक्य झाले. निर्वासित बालकाला अन्न व निवारा देण्याबरोबरच त्याच्या भवितव्याची जबाबदारी घेणे, हे या घटनेचे महत्त्व आहे.

समाप्ती व स्मृती

१९४८ पर्यंत वसाहत रिकामी झाली. काही निर्वासित पोलंडला परतले, तर इतर ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आदी देशांत स्थायिक झाले. रिकाम्या वसाहतीत फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना आश्रय मिळाला. तीच वस्ती आज गांधीनगर या नावाने ओळखली जाते. अशा रीतीने एकाच जागेने एका दशकात दोन निर्वासित समाजांना आधार दिला.

कोल्हापुरात मृत्यू पावलेल्या पोलिश नागरिकांच्या कबरी शहरातील ख्रिस्ती दफनभूमीत आहेत, तर महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ आहे. पोलंडची राजधानी वॉर्सा येथेही कोल्हापूर स्मारक आहे. २१ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तेथे आदरांजली वाहिली.