जोगळटेंभी नाणेनिधी
क्षत्रप-सातवाहन इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा, चांदीच्या नाण्यांचा निधी. नासिक जिल्ह्याच्या सिन्नर तालुक्यातील जोगळटेंभी या गोदावरीकाठच्या गावी तो १९०६ मध्ये सापडला. त्यात क्षहरात क्षत्रप नहपानाची १३,२५० हून अधिक नाणी होती. त्यांच्या दर्शनी बाजूवर राजाचे मस्तक व ग्रीक लिपीतील लेख, तर मागील बाजूवर बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख आढळतात. यांपैकी सु. ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पर्वत व उज्जैन-चिन्ह यांचे ठसे पुन्हा उमटविले. नासिकच्या लेण्यातील बलश्रीच्या लेखात गौतमीपुत्राने क्षहरातांचा उच्छेद केल्याचे म्हटले आहे. राजप्रशस्तीतील या विधानाला या नाण्यांमुळे स्वतंत्र आधार मिळाला. एच्. आर्. स्कॉट यांनी निधीची तपशीलवार माहिती प्रसिद्ध केली. भूमिगत निधीविषयीच्या १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मूल्याचा असा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. हा निधी मोजणीपूर्वीच विकला अथवा वितळविला गेला असता, तर मूळ व पुनर्मुद्रित नाण्यांचे प्रमाण कळले नसते व सत्तांतराचा हा पुरावा नष्ट झाला असता.