‘ध’चा ‘मा’ आणि रात्री दोनचे काम : आज्ञेतल्या चुकीचा इतिहास

१/ ३० ऑगस्ट १७७३. पुण्याच्या शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांची हत्या केली. ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, एका अक्षराने घात केला, ही कथा महाराष्ट्र आजही सांगतो. ती लोककथा आहे, पुरावा नव्हे. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी दोषी ठरवले ते राघोबादादांना.

२/ पण कथेचे मर्म खरे आहे. हुकूम बजावणारा हुकमाचा हेतू विचारत नाही, तो फक्त अक्षर वाचतो. संगणक हा असाच आज्ञाधारक गारदी. त्याला दिलेल्या आज्ञेतील पॅरामीटर, म्हणजे आज्ञेमागून येणारे तपशील, कसे चुकतात आणि ती चूक कशी शोधावी, याचा हा धागा.

३/ आरंभ कागल तालुक्यातील बिद्रीपासून करू. येथे दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना आहे. हंगाम सुरू झाला की अशा कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या वाहनांची रांग लागते. प्रत्येक खेपेची वजनपावती होते आणि त्या पावत्यांवरून पंधरवड्याचे ऊसबिल निघते.

४/ या बिलाला कायद्याची मुदत आहे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात; उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज लागते. सोसायटीचे कर्ज, तोडणी-वाहतूक, घरखर्च हे सारे त्या तारखेकडे डोळे लावून असते.

५/ ही माहिती गावागावांत पोहोचवण्याचा एक मोठा प्रयोग कोल्हापूर जिल्ह्यातच झाला. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातील ७० गावांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साहाय्याने ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प हाती घेतला गेला. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाने सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या लघुसंदेशावर तेच काम करून पाहिले.

६/ ठरावीक साच्यातला लघुसंदेश ही एक परीने कमांड लाइनच. आधी काय हवे ते, मग कोणासाठी ते. क्रम बिघडला किंवा एक आकडा गळला, तर उत्तर येत नाही, किंवा भलतेच येते. हा प्रश्न मात्र वारणेच्या प्रयोगाहून कितीतरी जुना आहे.

७/ १९६४ मध्ये आयबीएमने सिस्टिम/३६० हे संगणक जाहीर केले. त्यांवर काम सोपवण्यासाठी ‘जेसीएल’ नावाची भाषा होती. तिच्यात पॅरामीटरच्या यादीत चुकून एक रिकामी जागा पडली, तर तिच्यापुढचा मजकूर संगणक शेरा समजून सोडून देई. त्या प्रणालीचे प्रमुख फ्रेड ब्रुक्स यांनीच पुढे या भाषेची गणना सर्वांत वाईट भाषांत केली.

८/ बेल लॅब्समधील युनिक्सने रिकाम्या जागेला वेगळा अर्थ दिला. तेथे ती दोन पॅरामीटरांमधली भिंत झाली. ‘ऊस बिल’ असे नाव अवतरणचिन्हांशिवाय लिहिले, की एकाचे दोन होतात आणि मागचे सगळे पॅरामीटर एक घर पुढे सरकतात. १९९५ च्या विंडोजने लांब आणि जागा सोडलेली फाइल-नावे सर्वांच्या हाती दिली. तीच चूक तेथेही घरोघरी पोहोचली.

९/ १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ‘क्रॉन’ होता. ठरलेल्या वेळी ठरलेले काम आपोआप करणारा हा रात्रपाळीचा कारकून. त्याच्या वहीत टक्केचिन्हाला विशेष अर्थ होता आणि आजही आहे : ते दिसताच ओळ तेथे तुटते. आजची तारीख काढण्याच्या आज्ञेत नेमकी टक्केचिन्हे असतात. म्हणून हाताने चालवलेली आज्ञा दिवसा बिनचूक चालते आणि रात्री क्रॉनकडून अर्धीच पोहोचते. उपाय सोपा आहे : चिन्हाआधी उलटी तिरपी रेघ द्यावी, किंवा तारीख काढण्याचे काम वेगळ्या फाइलमध्ये ठेवावे.

१०/ आता एक कल्पित कारखाना घेऊ. रात्री दोन वाजता त्याचे एकत्रीकरणाचे काम चालते : वजनकाट्याची नोंद, शेती विभागाची ऊसनोंद आणि बँक खाती एकत्र आणायची. कामाला पॅरामीटर एकच, पंधरवड्याची पहिली तारीख. कारकून लिहितो ०१-११, म्हणजे १ नोव्हेंबर. प्रणाली अमेरिकी पद्धतीने महिना आधी वाचते आणि समजते ११ जानेवारी.

११/ ११ जानेवारी हा मागच्या हंगामातला दिवस. चालू हंगामाच्या तक्त्यात त्या दिवसापासूनच्या पंधरवड्याची एकही पावती नाही. काम शून्य नोंदी उचलते आणि ‘यशस्वी’ असा शेरा मारून थांबते. संगणकाच्या लेखी शून्य ही चूक नव्हे. सकाळी कोणाला काही कळत नाही, आणि १४ दिवसांची मुदत मात्र चालूच असते.

१२/ गंमत पुढे आहे. दुसऱ्या पंधरवड्यात तीच प्रणाली १६-११ वाचते. सोळावा महिना नसतोच, म्हणून काम आरडाओरडा करून बंद पडते आणि सगळे धावतात. वास्तविक ही चूक उपकारक, कारण ती बोलली. घातक होती ती पहिली, गप्प बसलेली. तारीख बारापर्यंत असली की असा घोटाळा मुकाट्याने खपून जातो. वर्ष-महिना-दिवस हा क्रम सांगणारे आयएसओ ८६०१ मानक १९८८ मध्ये आले, ते अशाच गोंधळांवर उतारा म्हणून.

१३/ मग चूक शोधावी कशी? इतिहासाचा अभ्यासक कागद तपासतो तशी. आधी अस्सल प्रत पाहावी : आपण काय लिहिले ते नव्हे, कामाला काय पोहोचले ते. कामाच्या पहिल्याच ओळीत मिळालेले पॅरामीटर मोजून, प्रत्येक कंसात घालून, नोंदवहीत छापावेत. जादा जागा, तुटलेली तारीख, सरकलेला क्रम तेथेच उघडा पडतो.

१४/ दुसरे, काळ आणि परिस्थिती जुळवावी. काम हाताने चालवून पाहायचे तर क्रॉन ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालवतो त्याच नावाने, त्याच अपुऱ्या परिसरात चालवावे. आपल्या खात्यातील मार्ग आणि सेटिंग क्रॉनला ठाऊक नसतात. तिसरे, नक्कल ओळखावी. दस्तऐवजातून उतरवलेल्या आज्ञेत साध्या रेघेची लांब रेघ झालेली असते. डोळ्यांना ती तीच वाटते, संगणकाला नाही.

१५/ चौथे, साक्षीदारावर विसंबू नये. ‘यशस्वी’ हा शेरा म्हणजे काम शेवटपर्यंत गेले, एवढीच साक्ष. काट्यावरील पावत्यांची संख्या आणि उचललेल्या नोंदींची संख्या ताडून पाहावी. हंगामात शून्य आले तर कामाने स्वतःच चूक जाहीर करून थांबावे.

१६/ शनिवारवाड्याच्या कथेत गारद्यांनी एकदा उलटून विचारले असते, तर ती कथाच उरली नसती. यंत्राला उलटून विचारण्याची बुद्धी नाही. तो प्रश्न आपणच आधी त्याच्या आज्ञेत लिहून ठेवायचा असतो : ‘ही तारीख चालू हंगामातली आहे ना?’ एवढी एक ओळ कल्पित कारखान्यातल्या त्या रात्री असती, तर शेतकऱ्याचे बिल वेळेवर निघाले असते. धागा समाप्त.