दुसरी फेरी

निसार या उपग्रहाची ओळख बहुतेक वेळा एकाच वाक्यात करून दिली जाते: तो ढगांतून आणि अंधारातूनही पाहतो. ते खरे आहे. पण ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून उडालेल्या या नासा-इस्रोच्या उपग्रहाचे कुळ शोधत मागे गेले, की पाहणे हा त्याचा जुना, घराण्यात कधीच रुळलेला गुण ठरतो. त्याचे मोठेपण मोजण्यात आहे. त्याच वाटेने पुन्हा येऊन, मागच्या खेपेपासून जमीन किती सरकली, खचली किंवा फुगली, हे तो सेंटिमीटरच्या हिशेबात सांगतो. हा गुण घराण्यात फार उशिरा आला.

मूळ पुरुष लष्करी होता. १९५१ साली अमेरिकेत ॲरिझोनातल्या गुडइयर कंपनीत कार्ल वायली यांच्या लक्षात आले, की विमान पुढे सरकताना जमिनीवरच्या प्रत्येक ठिकाणाहून परतणाऱ्या रडार-लहरीची कंप्रता थोडी थोडी बदलत जाते. वाटेत टिपलेले हे सगळे प्रतिध्वनी गणिताने जुळवले, तर लहानशी अँटेना अजस्र अँटेनाचे काम करते. निसार आजही याच युक्तीवर चालतो. त्याची अँटेना १२ मीटर व्यासाची, लहर २४ सेंटिमीटरची आणि उंची ७४७ किलोमीटर. या मापांत, युक्ती वापरली नाही तर, जमिनीवरचा पंधराएक किलोमीटरचा तुकडा म्हणजे एकच ठिपका. दहा मीटरचा तपशील हवा असेल, तर सुमारे १९ किलोमीटर रुंद तबकडी लागेल. ती कक्षेत नेता येत नाही, म्हणून उपग्रहाच्या प्रवासातून ती हिशेबाने उभी करायची. १९६४ साली अमेरिकेने क्विल नावाच्या गुप्त उपग्रहावर ही विद्या अवकाशात नेली. हेतू टेहळणीचा होता.

टेहळणीला चित्र पुरते. लहर किती जोरात परतली यावरून ते बनते; ती आपल्या आवर्तनाच्या नेमक्या कोणत्या टप्प्यावर परतली, ही माहिती चित्र तयार झाल्यावर निरुपयोगी समजली जाई. समुद्र न्याहाळण्यासाठी १९७८ साली सोडलेला सीसॅट वीजपुरवठ्यातल्या बिघाडाने साडेतीन महिन्यांत बंद पडला, पण त्याच्या नोंदी जपून ठेवलेल्या होत्या. १९८९ साली गॅब्रिएल, गोल्डस्टीन आणि झेबकर यांनी त्याच नोंदी काढल्या, कॅलिफोर्नियातल्या इम्पीरियल व्हॅलीवरून झालेल्या वेगवेगळ्या फेऱ्यांमधले टप्पे एकमेकांतून वजा केले, आणि पाणी पिऊन फुगलेली शेतांतली चिकणमाती त्यांना दिसली. माझ्या मते निसारचा जन्म या वजाबाकीत आहे. १९९२ च्या लँडर्स भूकंपानंतर युरोपच्या ईआरएस-१ ने हीच वजाबाकी अख्ख्या भूभागावर करून दाखवली. त्या नकाशावरचा प्रत्येक रंगीत पट्टा म्हणजे जमिनीची २८ मिलिमीटर हालचाल.

पुढचा इतिहास ही वजाबाकी सलग, फेरीमागून फेरी करत राहण्याच्या शोधाचा आहे. २००७ साली अमेरिकी शास्त्रज्ञांनी अशा मोहिमेची शिफारस केली, आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी टोरंटोमध्ये नासा-इस्रो करार झाला. भारताने फक्त रॉकेट दिले असे समजणे चूक आहे. इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राने निसारवरचे दुसरे, एस-बँड रडार घडवले. तिथली ही विद्या रिसॅट-१ आणि चांद्रयान-२ मध्ये आधीच मुरलेली होती.

यावर कोणी विचारेल, की खासगी कंपन्यांचे छोटे उपग्रह याहून रेखीव रडारचित्रे देतात आणि युरोपच्या सेंटिनेल-१ ची माहितीही मोफत मिळते, मग निसारवर दीड अब्ज डॉलर कशाला? पहिल्या तुलनेत पुन्हा चित्राचाच निकष आहे. सेंटिनेलचे मात्र ऋण मानले पाहिजे: दिल्ली विमानतळाजवळच्या कापसहेडा भागात भूजल उपशामुळे जमीन वेगाने खचते आहे, हे आयआयटी मुंबईसह काही संस्थांच्या संशोधकांनी त्याच्याच नोंदींवरून दाखवले. पण त्याची ५.६ सेंटिमीटरची लहर पानांतच अडते, आणि पाने हलली की दोन फेऱ्यांची तुलना विस्कटते. निसारची लांब लहर दाट झाडीतूनही बरीचशी खाली पोचते, तीही जवळजवळ साऱ्या भूभागावर दर १२ दिवसांनी.

खरा अवघड आक्षेप वेगळा आहे. ३० जुलै २०१४ ला सह्याद्रीतले माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. बारा दिवसांनी येणारा उपग्रह अशा वेळी काय करणार? मुसळधार पावसात काही तासांत सुटणाऱ्या दरडीचा इशारा तो देऊ शकत नाही, आणि तसे आश्वासन कोणी देऊ नये. पण काही उतार कोसळण्याआधी महिनोन् महिने सरकत असतात. सह्याद्रीतले असे उतार नेमके झाडीने झाकलेले, आणि पावसाळ्यात ढगांनीही. कोणते उतार सरकतात आणि कोणते स्थिर आहेत, याची यादी पावसाआधी हाती असणे आता शक्य आहे. त्यासाठी लागणारे आकडे मोफत मिळणार आहेत; त्या आकड्यांची वजाबाकी करणारी माणसे मात्र राज्याला स्वतः नेमावी लागतील.