उथळ पाण्यातील नांगर आणि नंदुरबारची पेठ

नंदुरबार म्हटले की समुद्राचे स्मरण सहसा कोणास होत नाही. १ जुलै १९९८ रोजी जुन्या धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सातपुड्याच्या डोंगरांनी, तापीकाठच्या काळ्या जमिनीने आणि भिल्ल-पावरा वस्त्यांनी ओळखला जातो. समुद्रकिनारा त्यास मुळीच नाही. तथापि याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा आणि मध्यातून तापी वाहते. दोन्ही नद्या पश्चिमेस जाऊन खंबायतच्या आखाताच्या परिसरात सागरास मिळतात. त्यांच्या मुखांशी गलबतांना नांगर कोठे व कसा टाकता येई, या वरवर केवळ खलाशांच्या वाटणाऱ्या प्रश्नाशी नंदुरबारच्या पेठेचे भाग्य दीर्घकाळ निगडित होते. हा संबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नंदुरबारच्या उत्कर्षापकर्षाची मीमांसा बहुधा राजकीय घडामोडींच्या आधारे केली जाते. फारुकी राजवट, मोगलांचा सुभा, मराठ्यांच्या स्वाऱ्या, १८०३-०४ चा दुष्काळ व १८१८ चे सत्तांतर अशी ही मालिका असते. ही कारणे खोटी नाहीत. परंतु ती पुरेशी आहेत काय, हा प्रश्न आहे. लुटली गेलेली पेठ व्यापाराची वाट कायम असेल तर पुन्हा वसते. वाटच अन्यत्र वळली तर शांततेच्या काळातही तिला पूर्वीचे दिवस येत नाहीत. म्हणून वाटेच्या दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे नांगरण्याच्या जागेकडे, पाहणे अगत्याचे ठरते.

१. उथळ पाण्यात नांगर टाकण्याची विद्या

नांगर केवळ आपल्या वजनाने गलबत धरून ठेवतो, ही समजूत बरोबर नाही. नांगराचा फाळ तळात रुतला पाहिजे, आणि तो रुतून राहण्यासाठी त्यावरील ओढ शक्य तितकी आडवी पडली पाहिजे. याकरिता पाण्याच्या खोलीच्या अनेक पट दोर सोडावा लागतो. दोर आखूड असला तर लाटेबरोबर नाळ वर उचलली जाते, फाळ उपटला जातो व नांगर घसरतो. चिखल व वाळू यांत फाळ रुततो. खडकावर तो एक तर धरत नाही, किंवा असा अडकतो की सुटत नाही. म्हणून नांगर टाकण्यापूर्वी शिसाचे वजन बांधलेली दोरी सोडून वावांच्या मापाने खोली घेतली जाई. त्या शिसाच्या बुडाशी चरबी लावलेली असे. तीस चिकटून आलेल्या मातीवरून तळ कसा आहे ते कळे.

उथळ पाण्यात या साध्या नियमांत एक मोठी अडचण उभी राहते. भरतीच्या वेळी पुरेशी असलेली खोली ओहोटीच्या वेळी उरत नाही. दोर मोजावा तो भरतीच्या खोलीवरून, आणि जागा निवडावी ती ओहोटीच्या खोलीवरून, असा दुहेरी हिशेब तांडेलास करावा लागतो. त्यातच पाण्याचा ओघ दर सहा तासांच्या सुमारास उलटतो व गलबत नांगराभोवती फिरते. लांब सोडलेल्या दोरामुळे या फेऱ्याचा घेर वाढतो, आणि शेजारी वाळूचा दांडा असेल तर गलबत त्यावर चढते. यावर उपाय म्हणजे दोन नांगर दोन विरुद्ध दिशांना टाकणे: एक भरतीच्या ओढीसाठी, दुसरा ओहोटीच्या. सपाट बुडाचे गलबत पाणी ओसरल्यावर चिखलात सरळ बसते. खोल कण्याचे गलबत कलंडते व पुढची भरती चढताना त्यात पाणी शिरण्याचा धोका असतो.

खंबायतच्या आखातात ही अडचण पराकोटीस पोचते. आखाताचा आकार नरसाळ्यासारखा निमुळता असल्याने आत शिरणारे पाणी उंच चढते. शिरोभागी उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतील अंतर दहा मीटरच्या आसपास जाते. भारताच्या किनाऱ्यावर इतके अंतर अन्यत्र आढळत नाही.

२. पेरिप्लसमधील साक्ष

या परिस्थितीचे सर्वांत जुने तपशीलवार वर्णन इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील नाविक ग्रंथात आढळते. त्याच्या अनामिक कर्त्याने बरिगाझा, म्हणजे भृगुकच्छ अथवा भडोच, येथे नर्मदेच्या मुखातून शिरणे किती कठीण आहे ते सांगितले आहे. मुखाशी वाळूचे दांडे असून किनारा सखल असल्यामुळे तो जवळ येईपर्यंत दिसत नाही. म्हणून राजाच्या नोकरीतील स्थानिक कोळी लांब नावा घेऊन मुखाबाहेर बरेच दूरपर्यंत येत, परकी गलबते आपल्या ताब्यात घेत आणि त्यांना ओढत व वाट दाखवीत आत नेत. भरती लागली की निघावयाचे आणि ती संपताच ठरलेल्या जागी नांगर टाकून थांबावयाचे, असा क्रम होता. या जागा म्हणजे नदीच्या पात्रातील खोल डोह होत. ग्रंथकार असेही नमूद करतो की उधाणाच्या लोंढ्यापुढे नांगर टिकत नाहीत, आणि वाळूवर बसलेली गलबते उलथून पडतात.

यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. पहिली अशी की भडोचचा समुद्रव्यापार स्थानिक कोळ्यांच्या ज्ञानावर उभा होता. दुसरी अशी की हे ज्ञान राजसत्तेने ओळखले व आपल्या सेवेत घेतले होते. पैठण व तगर येथून माल गाड्यांवर लादून भडोचला येई, असे हाच ग्रंथ सांगतो. दख्खनमधील विणकराचे कापड रोमच्या बाजारात पोचण्यापूर्वी नर्मदामुखाच्या एखाद्या डोहात, ओहोटी उलटण्याची वाट पाहत, नांगरावर थांबत असे.

३. इब्न बतूता: नंदुरबार ते खंबायत

नंदुरबार आणि हा किनारा यांना एकाच प्रवासात जोडणारा प्रसिद्ध साक्षीदार म्हणजे मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता. इ. स. १३४२ मध्ये महंमद तुघलकाचा वकील म्हणून चीनकडे जाण्यासाठी तो दिल्लीहून निघाला. दौलताबाद सोडल्यावर तो नंदुरबारास आला. हे मराठ्यांच्या वस्तीचे लहान नगर असून तेथील लोक कारागिरीत निपुण आहेत, त्यांच्यात वैद्य व ज्योतिषी आहेत, भात, भाज्या व तिळाचे तेल हा त्यांचा आहार आहे, असे तो लिहितो. तेथून पुढे तो खंबायतास पोचला. तेथे त्याने पाहिले ते असे: ओहोटीच्या वेळी गलबते चिखलात पडून राहतात आणि भरती आली की पुन्हा तरंगू लागतात. पुढे गंधार बंदरात तो जहाजावर चढला.

एकाच लेखणीतून उतरलेल्या या दोन वर्णनांचा एकत्र विचार सहसा होत नाही. तो केल्यास असे दिसते की चौदाव्या शतकात देवगिरीकडून आखाताकडे जाणाऱ्या वाटेवर नंदुरबार हा मुक्काम होता, आणि त्या वाटेच्या शेवटी असलेल्या बंदरात उथळ पाण्याशी जुळवून घेणारी नौका हीच उपयोगी नौका होती.

४. सुवाळीची खाच

सतराव्या शतकात खंबायतचे महत्त्व ओसरून सुरतेचे वाढले. परंतु तापीच्या मुखावर वाळूचा बांध असल्याने मोठी जहाजे शहरापर्यंत येऊ शकत नसत. मुखाच्या उत्तरेस, सुवाळी गावासमोर, किनाऱ्यास समांतर असा एक लांब वाळूचा दांडा होता. तो आणि किनारा यांच्यामधील अरुंद खाचेत जहाजांना आश्रय मिळे. इंग्रजांच्या कागदपत्रांत ही जागा फार गाजलेली आहे.

नोव्हेंबर १६१२ मध्ये कप्तान टॉमस बेस्ट याने ‘रेड ड्रॅगन’ व ‘होझिअँडर’ या दोन जहाजांनिशी याच पाण्यात चार पोर्तुगीज जहाजांशी सामना दिला. त्या झटापटीत पोर्तुगीज जहाजे वाळूवर चढली व भरती आल्यावर मोकळी झाली. जानेवारी १६१५ मध्ये गोव्याचा व्हाइसरॉय जेरोनिमो द आझेवेदो मोठे आरमार घेऊन आला. त्या वेळी निकोलस डाउनटन याने आपली चार जहाजे खाचेच्या आत ठेवली. पोर्तुगीजांची अवजड जहाजे बांधावरून आत येऊ शकली नाहीत, आणि जी हलकी आत आली ती एकटी पडली. संख्याबळ पोर्तुगीजांकडे होते, पण पाणी उथळ होते. पुढील काळात कोकणातील मराठी आरमारानेही आपल्या कमी खोलीत तरणाऱ्या गुराबा व गलबते खाड्यांत ठेवून याच तत्त्वाचा लाभ घेतला.

सुवाळीचा आसरा मात्र बारमाही नव्हता. नैऋत्येचा पावसाळी वारा सुरू झाला की दांड्यावरून लाटा फुटत व कोणताही नांगर भरवशाचा राहत नसे. जहाजे पावसाळा सरल्यावर येत आणि पुढील पावसाळ्यापूर्वी निघून जात.

५. पेठेचे दिवस

सुरतेहून बऱ्हाणपूरकडे जाणारा राजमार्ग नवापूर-नंदुरबारच्या प्रदेशातून जाई. इ. स. १६१० मध्ये विल्यम फिंच या वाटेने गेला. नंदुरबारजवळील कबरी, विलासगृहे, किल्ला व तलाव यांचा त्याने उल्लेख केला आहे. सुवाळीस उतरलेला सर टॉमस रो हा वकील १६१५ च्या नोव्हेंबरात तापीखोऱ्यातूनच बऱ्हाणपुरास पोचला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याने येथील खरबुजांची व द्राक्षांची वाखाणणी केली. १६६६ मध्ये इंग्रजांनी नंदुरबारास वखार घातली.

वखार येथेच का, याचे उत्तर नांगराच्या वेळापत्रकात सापडते. जहाजे सुवाळीस असण्याचा काळ मोजका होता. त्या काळात माल तयार नसेल तर जहाज रिकामे परतावे, किंवा पावसाळा ओढवून घ्यावा, असे दोनच पर्याय राहत. म्हणून कापड व सूत आधीच विकत घेऊन किनाऱ्यापासून काही मुक्कामांच्या अंतरावर साठवणे आवश्यक होते. पावसाळ्यात बैलांचे तांडे थांबत व नद्यांचे उतार बंद होत. दसऱ्यानंतर वाटा मोकळ्या होत, आणि त्याच सुमारास सुवाळीस नांगर पडत. नंदुरबारचा विणकर व सुवाळीचा खलाशी हे एकमेकांस न पाहता एकाच पंचांगाने बांधलेले होते, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

६. ऱ्हासाचे कारण

इ. स. १६८७ मध्ये कंपनीने आपले पश्चिम हिंदुस्थानातील मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईस हलविले. मुंबईचे बंदर निसर्गतःच खोल व बेटांनी झाकलेले असल्याने तेथे भरपावसातही नांगर धरी. हा बदल एका दिवसात फळास आला नाही; सुरत पुढेही बराच काळ नांदती राहिली. परंतु जहाजे जसजशी मोठी होत गेली तसतसा उथळ मुखाचा तोटा वाढत गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थळ घाटातून रेल्वे खानदेशात आली आणि भुसावळमार्गे येथील कापूस थेट मुंबईच्या धक्क्यावर जाऊ लागला. नंदुरबार या नव्या वाटेच्या बाजूस पडले. १९०० च्या सुमारास तापीखोऱ्याची रेल्वे नंदुरबारवरून सुरू झाली, तेव्हा जुनी वाट लोखंडी रुळांवर पुन्हा जिवंत झाली खरी. पण तिच्या टोकाशी आता जगाची जहाजे उभी नव्हती. तलवारीने आणि दुष्काळाने पेठेस घाव घातले हे मान्य करूनही म्हणावे लागते की ते घाव भरून निघू नयेत याची तजवीज खोल बंदराने केली.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या कथेस अनपेक्षित वळण मिळाले. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणाने तापीचे आणि पुढे सरदार सरोवराने नर्मदेचे पाणी मागे फुगविले. सरदार सरोवराच्या फुगवट्यात अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील तेहतीस गावे आली. जेथे पायवाटा होत्या तेथे आज नावा चालतात. तरंगता दवाखानाही नावेतूनच या गावांना जातो. वाढत्या-उतरत्या पाण्यात नाव कोठे बांधावी, दोर किती सोडावा, हे आता डोंगरातील माणसास शिकावे लागले आहे. पेरिप्लसच्या काळी हे ज्ञान असलेल्या कोळ्यांना राजसेवेत मान होता. ज्यांच्या शेतांवर हे पाणी आले त्यांच्या वाट्यास ते ज्ञान विस्थापनातून आले.

खानदेशाचा इतिहास किल्ले, परगणे व सनदा यांच्या आधारे पुष्कळ लिहिला गेला आहे. त्यास नदीमुखांच्या, वाळूच्या दांड्यांच्या आणि भरती-ओहोटीच्या अभ्यासाची जोड मिळाल्यास अनेक पेठांचे उदयास्त अधिक समाधानकारक रीतीने उलगडतील. समुद्र न दिसणाऱ्या नगराचाही एखादा नांगर समुद्रात पडलेला असतो; तो कोठे धरला होता आणि केव्हा सुटला, हे शोधणे संशोधकाचे कर्तव्य आहे.